बोलीच्या मागे पैसा उभा हवा

नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात गाडीच्या एका क्रमांकासाठी ऑनलाइन लिलाव झाला. ‘एचआर ८८ बी ८८८८’ हा तो क्रमांक. रोमन लिपीतले ‘बी’ हे अक्षर आठाच्या आकड्यासारखे दिसते, त्यामुळे पाटीवर आठांची सलग रांग दिसते आणि म्हणूनच त्याला एवढी मागणी. ५० हजार रुपयांपासून सुरू झालेली बोली १ कोटी १७ लाखांवर जाऊन थांबली. देशातला सर्वांत महाग क्रमांक म्हणून त्याच्या बातम्या झाल्या. ठरलेल्या मुदतीत मात्र पैसे आले नाहीत. बोली जिंकणाऱ्याची ११ हजारांची अनामत जप्त झाली, क्रमांक पुन्हा लिलावात काढण्याचे ठरले आणि राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी त्या व्यक्तीची मालमत्ता आणि उत्पन्न तपासण्याचे आदेश दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातही असेच घडले होते. शिमला जिल्ह्यातल्या कोटखाईच्या ‘एचपी ९९ ९९९९’ या दुचाकीच्या क्रमांकासाठी हजार रुपयांपासून चढत गेलेली बोली १ कोटी १२ लाखांवर पोहोचली आणि पैसे भरायची वेळ येताच बोली लावणारा मागे हटला.

दोन्ही वेळी चर्चा झाली ती माणसाची. त्याची ऐपत होती का, त्याने मुद्दाम केले का, त्याच्यावर गुन्हा दाखल करावा का? माझ्या मते हे प्रश्न दुय्यम आहेत. हरियाणातला हिशेब पाहा. १ कोटी १७ लाखांचा शब्द मोडण्याची किंमत होती ११ हजार रुपये, म्हणजे हजार रुपयांमागे एक रुपयाहूनही कमी. ज्या व्यवस्थेत शब्द देणे फुकट आणि मोडणे जवळजवळ फुकट, तिथे काही लोक शब्द मोडणारच. कुणी हौसेपोटी, कुणी स्पर्धकाला शह द्यायला, कुणी क्षणाच्या भरात. दरवेळी एका माणसाची चौकशी लावून हा प्रश्न सुटणार नाही. ऑनलाइन लिलावात जिंकलेल्या बोलीचे पैसे न भरण्यावरून जे वाद होतात, त्यांचे मूळ खरेदीदाराच्या किंवा विक्रेत्याच्या स्वभावात कमी आणि लिलावाच्या रचनेत जास्त आहे. म्हणून उपायही रचनेतच करायला हवा. बोली नोंदवली जाते त्याच क्षणी, बोलीच्या प्रमाणात, तिच्यामागे पैसा उभा असला पाहिजे आणि हे पाहण्याची जबाबदारी लिलाव चालवणाऱ्याची असली पाहिजे.

या बाबतीत जगाकडे तीस वर्षांचा अनुभव जमा आहे. पिअर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ नावाने सुरू केलेले संकेतस्थळ पुढे ‘ईबे’ झाले. तिथे सुरुवातीला विकली गेलेली एक वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसे एकमेकांच्या वस्तूंवर बोली लावू लागली, तेव्हा पहिला प्रश्न विश्वासाचाच होता. ओमिड्यार यांनी १९९६ मध्ये त्यावर उपाय काढला: व्यवहार झाला की दोघांनी एकमेकांबद्दल जाहीर शेरा लिहायचा. ज्याचे शेरे चांगले त्याच्याशी लोक व्यवहार करतील, वाईट वागणारा आपोआप बाजूला पडेल, अशी त्यामागची धारणा. ती पूर्णपणे चुकीची नव्हती. संशोधक पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी जुनी पोस्टकार्डे विकून केलेल्या प्रयोगात, जमलेल्या लौकिकाच्या विक्रेत्याला नवख्या विक्रेत्यापेक्षा सुमारे ८ टक्के जास्त किंमत मिळते असे दिसले. लौकिकाला बाजारात मोल असते, ही गोष्ट त्यातून सिद्ध झाली.

पण पैसे बुडवणाऱ्या खरेदीदारापुढे हा उपाय लंगडा पडला. रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९९९ मधल्या व्यवहारांचा अभ्यास केला, तेव्हा खरेदीदारांनी लिहिलेल्या शेऱ्यांत नकारात्मक शेरे एक टक्क्याहूनही कमी निघाले. सगळेच समाधानी होते म्हणून हा आकडा एवढा कमी आला, असे मानता येत नाही. आपण वाईट लिहिले तर समोरचाही सूड म्हणून वाईट लिहील, ही भीती दोन्ही बाजूंना होती. शेवटी २००८ मध्ये ईबेने नियमच बदलला. विक्रेत्याने खरेदीदाराबद्दल नकारात्मक शेरा लिहिणेच बंद केले. विक्रेते सुडाचे शेरे लिहितात आणि त्या धाकाने खरेदीदार खरे बोलत नाहीत, हे कंपनीचे कारण होते आणि त्यात तथ्यही होते. पण त्यामुळे बोली जिंकून गायब होणाऱ्याविरुद्ध विक्रेत्याकडे असलेले एकमेव जाहीर हत्यारही गेले. विक्रेत्यांनी तेव्हा बहिष्काराची हाक दिली, ती या असहायतेतून. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. शेऱ्यांचा अधिकार दिला तर खरेदीदार दबतो, काढून घेतला तर विक्रेता उघडा पडतो. दोघांच्या तोंडी वचनावरच सगळा डोलारा उभा असला की हा पेच सुटत नाही.

मग उरली ती कंपनीची अंतर्गत प्रक्रिया. ईबेच्या नियमांनुसार बोली जिंकणाऱ्याने चार दिवसांत पैसे भरायचे असतात. त्याने ते भरले नाहीत तर विक्रेत्याला सौदा रद्द करता येतो, विक्रीवरचे शुल्क परत मिळते आणि खरेदीदाराच्या खात्यावर पैसे न भरल्याची नोंद होते. अशा नोंदी साचलेल्या खात्यांना विक्रेते आपल्या लिलावातून वगळू शकतात. वरवर पाहता न्याय झाला असे वाटते. पण विक्रेत्याच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. त्याचा आठवडा लिलावात गेला, पुढचे चार-पाच दिवस वाट पाहण्यात गेले, या काळात ज्यांना वस्तू खरोखर हवी होती त्यांनी दुसरीकडून घेतली आणि ती पुन्हा लिलावात येते तेव्हा ‘मागच्या वेळी का गेली नाही’ ही शंका सोबत घेऊन येते. यातल्या कशाचीही भरपाई त्याला मिळत नाही. शुल्क परत मिळाले म्हणजे कंपनीने न झालेल्या विक्रीवर कमाई केली नाही, एवढाच त्याचा अर्थ. नुकसान मात्र सगळे विक्रेत्याच्याच अंगावर राहते. आणि काळ्या यादीतला खरेदीदार? तो नव्या ईमेल पत्त्यावर नवे खाते उघडू शकतो.

ऑनलाइन वाद ऑनलाइनच मिटवण्याच्या कलेत याच कंपनीने मोठी मजल मारली, हेही सांगितले पाहिजे. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले एथन कॅट्श यांनी ईबेवरच्या सुमारे दोनशे वादांत मध्यस्थीचा प्रयोग केला. त्यातून वाढत गेलेली यंत्रणा पुढे वर्षाला सहा कोटी वाद हाताळू लागली आणि त्यांतले बहुतांश वाद माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय मिटू लागले, असे तिची उभारणी करणारे कॉलिन रूल सांगतात. वस्तू पोहोचली नाही, वर्णनाप्रमाणे नाही, फुटलेली निघाली अशा तक्रारींत ही यंत्रणा चालते, कारण अशा वेळी पैसा मध्यस्थाच्या हाताशी असतो. तो अडवता येतो, वळवता येतो, परत करता येतो. न भरलेल्या बोलीचा वाद मात्र मुळातच वेगळा आहे. तिथे मध्यस्थाच्या हातात काहीच नसते. निवाडा विक्रेत्याच्या बाजूने लागला तरी त्याला द्यायचे काय? आपल्याकडचा अनुभवही हेच सांगतो. ‘बाझी डॉट कॉम’ ही मुंबईची लिलाव कंपनी २००४ मध्ये ईबेने सुमारे ५ कोटी डॉलरला विकत घेतली. ईबेच्या भारतातल्या बाजारात ‘पैसापे’ नावाची सोय होती. खरेदीदाराने भरलेले पैसे वस्तू पोहोचेपर्यंत मधल्या खात्यात राहायचे. अनोळखी विक्रेत्याला पैसे पाठवायला घाबरणाऱ्या ग्राहकाला तो मोठा आधार होता. पण पैसापेचे संरक्षण सुरू व्हायचे ते पैसे भरल्यावर. पैसे भरलेच नाहीत तर ती सोय सुरूच होत नव्हती.

कायदा आहेच की, असे यावर कोणी म्हणेल. आहे, आणि चांगला आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ नुसार लिलाव पुकारणाऱ्याने हातोडा आपटून किंवा प्रथेप्रमाणे विक्री जाहीर केली की सौदा पुरा होतो. त्याआधी बोली मागे घेता येते, नंतर नाही. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून ठेवण्याचा, नोटीस देऊन तो दुसऱ्याला विकण्याचा आणि तूट खरेदीदाराकडून वसूल करण्याचा हक्क हाच कायदा देतो. करार संगणकावर झाला म्हणून तो कच्चा ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम १० ए ने स्पष्ट केले आहे. अडचण हक्काची नाही, तो बजावण्याची आहे. सोलापूरच्या विक्रेत्याने तीन हजारांचा जुना कॅमेरा लिलावात काढला आणि गुवाहाटीच्या खरेदीदाराने पैसे भरले नाहीत, तर तो दिवाणी दावा कुठे आणि कशासाठी लावणार? वकिलाची पहिली भेटच कॅमेऱ्याच्या किमतीला पडेल. ग्राहक आयोगाचे स्वस्त दार त्याच्यासाठी उघडे नाही, कारण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा विकत घेणाऱ्याचे रक्षण करतो आणि इथे बुडाला आहे तो विकणारा. २०२० चे ई-कॉमर्स नियमही ग्राहकाला केंद्रस्थानी ठेवून लिहिले आहेत. मोठ्या दुकानांसमोर एकटा ग्राहक दुबळा असतो, म्हणून ते योग्यच. पण लिलावाच्या बाजारात विकणाराही अनेकदा एकटाच असतो. घरातली जुनी नाणी, वडिलांची पुस्तके, वापरलेला शिवणयंत्राचा सांगाडा विकणारा सामान्य माणूस. त्याच्यासाठी कायद्याच्या पुस्तकात हक्क आहे, पण परवडणारे दार नाही.

न भरलेल्या बोलीने नुकसान होते ते विक्रेत्याचेच, हा समजही अपुरा आहे. या वादात एक तिसरा माणूस असतो आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. तो म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची बोली लावणारा प्रामाणिक खरेदीदार. चढत्या बोलीच्या लिलावात भाव ठरतो तो स्पर्धेतून. पहिला गडी पळपुटा निघाला तर त्याने केलेली स्पर्धाही खोटी होती, आणि त्या खोट्या स्पर्धेने दुसऱ्याचा भाव वर नेलेला असतो. ईबेवर अशा वेळी विक्रेता दुसऱ्याला ‘दुसरी संधी’ देऊ शकतो, पण ती त्याने लावलेल्या कमाल बोलीच्या भावात. पळपुटा माणूस लिलावात नसताच तर हीच वस्तू त्याला तिसऱ्याच्या बोलीहून जरा वरच्या भावात मिळाली असती. म्हणजे ज्याने काहीच चूक केली नाही त्याने जास्त पैसे द्यायचे. आणि इथेच अप्रामाणिक विक्रेत्यालाही वाट सापडते. आपल्याच माणसाकडून खोटी बोली चढवायची, तो जिंकला तर त्याने पैसे भरायचे नाहीत आणि मग दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला चढ्या भावात वस्तू द्यायची. पैसे बुडवणारा खरेदीदार आणि खोटी बोली लावणारा विक्रेता हे एकमेकांचे शत्रू वाटतात, पण दोघेही जगतात ते एकाच फटीवर. बोलीला पैशाचा आधार लागत नाही, ही ती फट. ती बुजवली की दोघांचीही वाट अडते.

ती बुजवता येते, याचे पुरावे समोर आहेत. चीनमध्ये न्यायालयांनी जप्त केलेल्या मालमत्तांचे लिलाव मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन होतात. २०१७ मध्ये तर दोन बोईंग ७४७ मालवाहू विमाने ‘ताओबाओ’वरच्या अशा लिलावात विकली गेली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सुरुवातीच्या किमतीच्या ५ ते २० टक्के अनामत आधी भरल्याशिवाय बोली लावता येत नाही आणि बोली जिंकून मागे हटणाऱ्याला ती परत मिळत नाही. आपल्याकडे बँका थकीत कर्जापोटी ताब्यात घेतलेल्या मालमत्ता विकतात तेव्हा बोली मंजूर होताच त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी किमतीच्या २५ टक्के रक्कम भरावी लागते, उरलेली ठरलेल्या मुदतीत. ती भरली नाही तर २५ टक्के जप्त होतात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी जप्ती उचलून धरली. याउलट लंडनच्या पश्चिमेला राइस्लिप इथल्या एका लहान लिलावगृहात २०१० मध्ये चिनी बादशहा चिएनलुंगच्या काळातल्या फुलदाणीवर ४ कोटी ३० लाख पौंडांची बोली लागली, पैसे मात्र आलेच नाहीत. वस्तू दोन वर्षांहून अधिक काळ अडकून पडली आणि शेवटी दुसऱ्या लिलावगृहामार्फत खासगी सौद्याने गेली. त्यानंतर मोठ्या बोलीसाठी आधी अनामत मागण्याकडे लिलावगृहांचा कल वाढला.

सर्वांत बोलका दाखला मात्र आपल्या राज्यातलाच आहे, आणि तोही गाडीच्या क्रमांकांचाच. महाराष्ट्रातल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांत एका पसंतीच्या क्रमांकासाठी एकापेक्षा जास्त अर्ज आले की वर्षानुवर्षे एकच रीत चालत आली. प्रत्येकाने ठरलेल्या शुल्काहून जेवढे जास्त द्यायचे त्या रकमेचा धनाकर्ष बंद लिफाफ्यात घालून द्यायचा, लिफाफे सगळ्यांसमोर उघडायचे, ज्याचा धनाकर्ष मोठा त्याला क्रमांक, बाकीच्यांचे परत. या रीतीत बोली आणि पैसा एकाच लिफाफ्यातून येतात. त्यामुळे जिंकलेल्याने पैसे न भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तंत्रज्ञान जुने, कागदी, वेळखाऊ, पण रचना अचूक. हरियाणाचे आणि हिमाचलचे लिलाव ऑनलाइन, वेगवान, घरबसल्या, पण रचनेत तेवढीच एक गोष्ट सुटलेली. आपण कागदाकडून संगणकाकडे जाताना वेग घेतला आणि शिस्त मागे ठेवली, असे घडता कामा नये.

वेग आणि शिस्त दोन्ही एकत्र साधण्याची सोय भारतात आधीच तयार आहे. शेअर बाजारात नव्या कंपनीच्या प्रारंभिक विक्रीसाठी अर्ज करणाऱ्या लाखो मराठी घरांना ती परिचयाची आहे. पूर्वी अर्जासोबत चेक द्यावा लागे, पैसे आठवडेच्या आठवडे अडकत आणि परताव्याच्या तक्रारी होत. ‘सेबी’ने २००८ मध्ये ‘अस्बा’ पद्धत आणली आणि २०१६ पासून ती सर्वांना सक्तीची केली. अर्जदाराचे पैसे त्याच्याच खात्यात राहतात, त्यावर व्याजही त्यालाच मिळते, फक्त तेवढी रक्कम राखून ठेवली जाते. शेअर मिळाले तर ती वळती होते, नाही मिळाले तर मोकळी होते. २०१९ पासून हे काम किरकोळ गुंतवणूकदाराच्या मोबाइलवरून यूपीआयने होते. एकदा राखून ठेवलेल्या रकमेतून गरजेप्रमाणे वळते करण्याची सोय यूपीआयमध्ये आणण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये केली. हीच पद्धत ऑनलाइन लिलावाला लावावी, एवढीच माझी सूचना आहे. लहान वस्तूंसाठी बोलीची पूर्ण रक्कम राखली जावी. मोठ्या वस्तूंसाठी तिचा ठरावीक हिस्सा राखावा, पण तो सुरुवातीच्या किमतीवर मोजू नये, लावलेल्या बोलीवर मोजावा. बोली वर चढेल तशी राखीव रक्कमही चढली पाहिजे. हरियाणात नेमके हेच नव्हते. तिथे अनामत ५० हजारांच्या मूळ किमतीच्या मापाने ठरली होती आणि बोली कोटीच्या पुढे गेली तरी ती जागची हलली नाही. दुसऱ्याने आपल्यावर बोली चढवली की आपली रक्कम तत्क्षणी मोकळी व्हावी, म्हणजे हरणाऱ्याचा पैसा एक दिवसही अडकणार नाही.

याला पहिला आक्षेप येईल तो असा की त्यामुळे लोक बोली लावायलाच बिचकतील, गर्दी कमी होईल, भाव पडतील आणि तोटा विक्रेत्याचाच होईल. गर्दी काही प्रमाणात कमी होईल, हे मला मान्य आहे. पण जी गर्दी पैसे भरणारच नव्हती तिच्या जाण्याने विक्रेत्याचे काय जाते? हरियाणाच्या तिजोरीत १ कोटी १७ लाख आलेच नाहीत, आली ती फक्त बातमी. खऱ्या खरेदीदाराला बोली लावताना पैसे राखून ठेवण्यात अडचण नसते, कारण जिंकल्यास ते चार दिवसांनी द्यायचेच असतात. उलट समोरचा गडीही पैशासकट उभा आहे हे कळले की प्रामाणिक माणूस निर्धास्तपणे बोली लावतो. जुन्या पद्धतीतल्या अनामतीत गरीब खरेदीदार मागे पडायचा, कारण त्याला रोख बाहेर काढावी लागायची. राखीव रकमेच्या पद्धतीत तो दोष बराच कमी होतो. ईबेसुद्धा अलीकडच्या काळात बोलीआधीच पैसे देण्याचे साधन नोंदवून घेण्याकडे वळली आहे. तीस वर्षे लौकिकावर विसंबलेल्या कंपनीला शेवटी इकडेच यावे लागते, यातच या आक्षेपाचे बरेचसे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विक्रेतेही फसवतात. वस्तूचे वर्णन रंगवून लिहितात, जिंकल्यावर पाठवणीचा खर्च वाढवून सांगतात, भाव मनासारखा आला नाही तर वस्तू ‘खराब झाली’ म्हणून विक्री मागे घेतात. अनेक खरेदीदार पैसे भरत नाहीत ते या कारणांनी. त्यांची रक्कम आधीच अडकवली तर त्यांच्या हातातले शेवटचे साधनही जाईल. हे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच बंधन एकतर्फी असता कामा नये. जर्मनीतल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने याबाबत घेतलेली भूमिका मला आदर्श वाटते. एका विक्रेत्याने १ युरोपासून सुरू केलेला जुन्या फोक्सवागन पासाटचा लिलाव मध्येच थांबवून गाडी बाहेर विकली. २०१४ मध्ये न्यायालयाने बोली लावणाऱ्याला ५,२४९ युरोंची भरपाई दिली, म्हणजे गाडीची किंमत वजा १ युरो. २०१६ च्या दुसऱ्या प्रकरणात विक्रेत्याने दुसऱ्या खात्यावरून स्वतःच्याच गाडीवर बोली चढवत १७ हजार युरोंवर नेली होती. त्या खोट्या बोली बाजूला काढल्या तर खरी बोली दीड युरोचीच होती असे ठरवून न्यायालयाने विक्रेत्याला १६,५०० युरो द्यायला लावले. आपल्या माल विक्री कायद्यातही विक्रेत्याने खोटी बोली चढवली तर सौदा रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. तेव्हा पहिली बोली आली की विक्रेत्याला मागे फिरता येऊ नये, पाठवणीचा खर्च आधीच जाहीर असावा, राखीव रक्कम त्याच्या हातात न जाता वस्तू पोहोचेपर्यंत मध्यस्थाकडे राहावी आणि विक्रेता मागे हटला तर खरेदीदाराला त्याच प्रमाणात भरपाई मिळावी. शब्द दोघांचा असेल तर तारणही दोघांचे हवे.

तिसरा आक्षेप माणुसकीचा. कुणी आजारी पडतो, कुणाचा पगार लांबतो, कुणाच्या घरातले मूल मोबाइलवर बोली लावून बसते. अशांची रक्कम जप्त करणे क्रूर नाही का? राखीव रकमेच्या पद्धतीत यातली बरीच दुखणी आधीच कमी होतात, कारण खात्यात नसलेल्या पैशावर बोली लागतच नाही आणि रक्कम राखताना यूपीआयचा गुप्त क्रमांक घालावा लागतो. तरीही अडचणीला जागा ठेवलीच पाहिजे. करार कायद्याचे कलम ७४ सांगते की करार मोडल्याबद्दल ठरवलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते, शिक्षा म्हणून हवी तेवढी नाही. बँकांच्या मालमत्ता लिलावासाठी वेगळा कायदा आहे, म्हणून तिथे २५ टक्क्यांची जप्ती टिकते. घरगुती वस्तूंच्या लिलावात तेवढी कठोरता नको. विक्रेत्याचे खरे नुकसान म्हणजे पुन्हा लिलाव करण्याचा खर्च आणि पडलेला भाव. तेवढेच, तेही एका मर्यादेपर्यंत, खरेदीदाराच्या राखीव रकमेतून जावे, आणि त्याआधी कारण सांगण्याची एक-दोन दिवसांची संधी मिळावी. मात्र जी रक्कम कापली जाईल ती विक्रेत्यालाच मिळाली पाहिजे, लिलाव चालवणाऱ्या कंपनीला त्यातला एक रुपयाही नको. नाहीतर मोडलेले सौदे हेच कंपनीच्या कमाईचे साधन होईल. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला वस्तू देऊ केली तर भावही पळालेल्याची बोली वगळूनच ठरला पाहिजे.

आम्ही फक्त जागा देतो, सौदा दोघांतला आहे, असे लिलाव चालवणाऱ्या कंपन्या म्हणतील. पण बोलीचे नियम, लिलावाचा शेवटचा क्षण, पैशांचा मार्ग आणि शुल्काचा दर ज्या ठरवतात त्या नुसत्या जागा देणाऱ्या कशा? गावच्या बाजार समितीत लिलाव पुकारणाऱ्यालाही आपण एवढी सूट देत नाही. महाराष्ट्रात शेतमालाचे पैसे शेतकऱ्याला त्याच दिवशी मिळाले पाहिजेत असा नियम आहे आणि ते मिळवून देण्याची जबाबदारी बाजार समितीवर येते. तरी नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकांनी व्यापाऱ्यांनी थकवलेल्या पैशांसाठी आणि न वटलेल्या चेकसाठी हेलपाटे घातले आहेत. व्यापाऱ्याने दिलेली हमी त्याच्या खरेदीच्या मानाने तोकडी असली की हे होणारच. १४ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या ‘ई-नाम’मुळे शेतमालाची बोलीही संगणकावर आली. दूरचा व्यापारी लासलगावच्या मालावर बोली लावू शकेल, हे तिचे मोठे आश्वासन. पण तो दूरचा व्यापारी ओळखीचा नसेल, त्याची वखार नजरेसमोर नसेल, तेव्हा त्याच्या बोलीमागे राखून ठेवलेला पैसाच शेतकऱ्याला धीर देईल. हौशी माणसाच्या कॅमेऱ्याचे पैसे बुडाले तर तो पुन्हा लिलावात काढता येतो. नासणाऱ्या मालाला दुसरा लिलाव नसतो.

म्हणून सुरुवात सरकारने स्वतःपासून करावी. गाडीचे क्रमांक असोत, जप्त मालमत्ता असोत की शेतमाल, केंद्र आणि राज्ये चालवतात त्या प्रत्येक ई-लिलावात बोलीबरोबर वाढणारी राखीव रक्कम सक्तीची करावी. पसंतीच्या क्रमांकांची पद्धत महाराष्ट्रात ऑनलाइन होईल तिथे लिफाफ्यातली जुनी शिस्त नव्या रूपात टिकवावी. खासगी लिलावांसाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने ई-कॉमर्स नियमांत स्वतंत्र प्रकरण जोडावे आणि त्यात खरेदीदार, विक्रेता आणि लिलाव चालवणारा या तिघांची बंधने लिहावीत. जमिनीचा सौदा करताना आपण विसार दिल्याशिवाय शब्द पक्का मानत नाही. सौदा करणाऱ्यावर अविश्वास असतो म्हणून हे करत नाही, तर नंतर दोन घरांत वैर येऊ नये म्हणून करतो. ऑनलाइन बाजारात तर समोरचा माणूस दिसतही नाही, त्याच्या गावात आपली ओळख नाही, भांडायला पंच नाहीत. तिथे विसाराची गरज जास्त आहे, आणि आज तो घेण्याची सोय प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर आहे. ती सोय असताना विक्रेत्याला कोर्टाची वाट दाखवणे आणि खरेदीदाराच्या दानतीवर प्रवचने देणे, हे दोन्ही जबाबदारी टाळण्याचे मार्ग आहेत. जो लिलाव पैशाविना बोली स्वीकारतो, त्यानेच मोडलेल्या सौद्याची भरपाई द्यावी, असा नियम एकदा झाला की कंपन्या आणि सरकारी खाती दोन्ही राखीव रकमेची सोय स्वतःहून करतील.